आवडाबाईच्या घरी पारवे घुमतात

मुक्काम बाळकुम, कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव परशुराम यास आजी आवडाबाईचा आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे ते सविस्तर लिही. नुसतं ‘ठीक आहे’ लिहू नकोस, ठीक तर मेलेला माणूससुद्धा असतो, त्याचं काही दुखत नाही. माझ्या नातसुनेचा, शालूचा, खोकला गेला का? इगतपुरीची हवा थंड, तिला छातीला फडकं बांधायला सांग, आणि ऐकत नसेल तर माझं नाव सांग, म्हणजे ऐकेल. माझे गुडघे होते तिथेच आहेत, दातांचं तेवढं सांगता येत नाही. अक्षर मोठं आणि वाकडं दिसेल, त्याला इलाज नाही. तू ओटीवर पाटी गिरवायचास आणि मी समोर बसून भात निवडायची, तेवढीच माझी शाळा. सगळी अक्षरं उलट्या बाजूने बघून शिकले, म्हणून काही अजून डोक्यावर उभी राहतात.

तुझं पत्र पोचलं. वाचायला दोन दिवस लागले आणि राग यायला तेवढाही वेळ लागला नाही. तू लिहितोस की तुझ्या रेल्वेच्या साहेबाच्या कारकुनाने रपोट दिला, आजीचं घर शर्यतीच्या कबुतरांना राहण्याच्या लायकीचं नाही, सबब पौष महिन्यात टोपल्या पाठवून बाराही पक्षी इगतपुरीला न्यायचे. ने बाबा. पौषापर्यंत कशाला थांबतोस, उद्याच ने. माझ्या डोक्याची कटकट जाईल. या घरात मी शेहेचाळीस वर्षं राहिले, पाच बाळंतपणं केली, तुझ्या आजोबाला इथूनच पोचवला, तू दीड हाताचा होतास तेव्हापासून तुला इथेच वाढवला, तेव्हा कुणी फूटपट्टी घेऊन आलं नाही की या बाईला वारा किती मिळतो आणि ऊन कुठून येतं. कबुतरांची बात वेगळी. ती विलायतेच्या खानदानाची.

पण रपोट कसा झाला ते तुला कारकुनाच्या तोंडून कळलंय, माझ्या तोंडून नाही, म्हणून लिहिते. नाहीतर म्हणशील म्हातारीने निष्काळजी केली.

तू आणि शालू रेल्वेच्या नोकरीवर गेलात त्याला आता वर्ष होईल. जाताना माळ्यावर साहेबाची बारा पिल्लं ठेवून गेलास आणि हातात एक कागद दिलास, साहेबाच्या इंग्रजी पुस्तकातनं उतरवलेले पंधरा नियम. (तुझं अक्षर सुरेख आहे रे, पण ‘ळ’ अजून तुला येत नाही.) पिल्लं इथे वाढली की हेच त्यांचं घर, मग टोपलीतून इगतपुरीला नेऊन सोडली की घाट ओलांडून इथेच येणार, आणि कोण आधी आलं ते मी लिहून कळवायचं, असं तू समजावलंस. मला ते तेव्हाच येड्यासारखं वाटलं. ज्याला घरी यायचं असतं तो येतोच, त्यात शर्यत कसली?

तरी मी नियम पाळले. पहिला नियम, तोंड पूर्वेला. माळ्याचं तोंड खाडीकडे, म्हणून विश्राम सुताराला बोलावून दुसऱ्या भिंतीला भोक पाडलं. दुसरा, वारा हवा पण झोत नको. (हे देवालासुद्धा जमलेलं नाही.) तिसरा, मांजर, उंदीर, साप आत जाता कामा नये, तेव्हापासून आपली मनी माझ्याशी बोलत नाही. मग पाणी दिवसातनं दोनदा ताजं, आणि एक दिवसाआड आंघोळीला परात वेगळी. परात आपल्याकडे एकच, तेव्हा मी ताटलीत पीठ मळते. नवं धान्य द्यायचं नाही, जुनंच द्यायचं. तर मी नवा तांदूळ खाते आणि ती जुने वाटाणे. मीठ आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा द्यावा, हे साहेबाला पुस्तकात वाचून कळलं म्हणे. अरे, मिठागरावर जन्म गेला माझा, या दोन गोष्टी बाळकुमात पायाला लागतात. राखणाऱ्याने रोज एकच कपडे घालावे म्हणजे पक्षी बुजत नाहीत, तो नियम मी न वाचताच पाळत होते, कारण लुगडी दोनच आणि दोन्हींचा रंग उडून एक झालेला.

नडला तो अकरावा. ‘राखणाऱ्याने पक्ष्यांशी रोज सकाळ-संध्याकाळ हळू व गोड बोलावे.’ परशुराम, तुझ्या आजोबाशी मी चाळीस वर्षांत गोड बोलले नाही आणि तो माणूस शेवटपर्यंत घरी येत होता. पण नियम तो नियम. आधी जमेना. काय बोलायचं कबुतराशी? मग वांग्याचे भाव सांगितले, गोदूबाईच्या सुनेचं सांगितलं, खाडीला कुणाची होडी लागली ते सांगितलं. ती मान वाकडी करून ऐकतात. मध्ये बोलत नाहीत. आता कधी कधी सकाळचं बोलणं दुपारपर्यंत चालतं. भिंतीशी बोललं तर लोक वेडी म्हणतात, कबुतराशी बोललं तर नियम अकरावा.

साहेबाने दिलेलं घड्याळ मात्र मला कळलं नाही. दोन काटे आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. म्हणून पक्षी आला की मी भरती-ओहोटीवर लिहायची, ‘पांढरा नर अर्ध्या भरतीला आला, निळी मादी पाणी बांधाला टेकलं तेव्हा.’ यात चूक काय? खाडी रोज वेळेवर येते, तुझी आगगाडी येते का?

आता मूळ गोष्ट. कबुतरं घुमतात हे तुला माहीत आहे. बारा एकदम घुमली की वेशीपर्यंत ऐकू जातं. गोदूबाई सुकट विकायला कल्याणच्या बाजारात जाते, तिथे तिला मोहने गावची कुणी बाई भेटली, आपल्या सगुणाच्या शेजारची. तिने विचारलं, आवडाबाई कशी आहे? गोदूबाईच्या तोंडात सुपारी. ती एवढंच बोलली, “काय सांगू, तिच्या घरी पारवे घुमतात.”

झालं! गोदूबाई खरं तेच बोलली, पण खऱ्याला दोन पदर असतात हे सुकट विकणारीला कोण सांगणार. घरात पारवे घुमतात म्हणजे घर ओसाड पडलं, दिवा लावायला माणूस उरलं नाही, हे शेंबडं पोर जाणतं. मोहन्याची बाई तशीच धावत सगुणाकडे गेली. दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर कल्याणहून होडी सुटली, त्यात तुझी आत्या सगुणा, तिचा नवरा, सासू, दोन जावा आणि शेजारपाजार धरून चौदा माणसं, आणि सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून टोपभर भात आणि मडकंभर पिठलं. त्यातच तुझा चुलत चुलता धाकू पण होता. तू इगतपुरीला, मला अग्नी द्यायला जवळ दुसरं कोण नाही म्हणून त्याने आधीच, होडीची वाट बघताना, कल्याणच्या बंदरावर न्हाव्यासमोर बसून मिशी उतरवली. (वीस वर्षांची मिशी. तिच्याखाली ओठ एवढासा निघाला.)

मी त्या वेळी माळ्यावर. नियम सातवा, महिन्याला चुना द्यावा. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, डोक्यापासून पायापर्यंत चुना उडालेला. वेशीपासून बायकांनी गळा काढलेला ऐकू आला. मला वाटलं, गावात कोण गेलं? रडणं जवळ आलं आणि आपल्याच अंगणात शिरलं. सगुणा ओटीवर डोकं आपटत होती, “आई गं, मला एकदा भेटायला पण थांबली नाहीस!” दोन वर्षांत या बाईला भेटायला सवड नव्हती आणि थांबायचं मी. राग आला तशी मी शिडीवरून खाली आले आणि बोलले, “थांबलेय की, तूच उशिरा आलीस.”

पुढचं लिहायला कागद पुरणार नाही. सगुणाची सासू “भूत, भूत” करत तुळशीच्या मागे. एक जाऊ मडक्यासकट खाली बसली. धाकू (तीन कोसांवरून मला जाळायला आला तो मर्द) गोठ्यात शिरला. त्या किंकाळ्यांनी बाराही कबुतरं माळ्याच्या भोकातनं भर्रकन उडाली ती खाडीपार दिसेनाशी झाली. आणि नेमका त्याच वेळी छत्री, वही आणि फूटपट्टी घेऊन तुझ्या साहेबाचा कारकून हरिहरपंत अंगणात उभा. रडणाऱ्या बायका, भाताचा टोप, नव्याने मिशी काढलेला पुरुष. त्याने पगडी उतरवली आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“सगळी गेली हो, बारा गेली एकदम!” सगुणाचा नवरा बोलला.

त्या बिचाऱ्याने पायरीवरच बसकण मारली. त्याला वाटलं पटकीची साथ आली. प्यायला दिलेलं पाणी पण त्याने घेतलं नाही. लांबूनच पट्टी लावून माळा मोजला आणि वहीत लिहून घेतलं. मला दाखवलं नाही, पण उलट्या बाजूने वाचायला मी शिकलेली आहे: ‘पक्षी शून्य. माणसे पंधरा. गोंगाट फार. वेळेची नोंद समुद्रावरून.’ हा तो रपोट.

मी जिवंत आहे हे सगळ्यांना पटल्यावर मात्र मजा आली. ओटी भरली होती. पानं कमी पडली. सगुणाने माझ्या केसांतला चुना काढला, जोरात, लहानपणी मी तिचे विंचरायची त्याचा सूड घेत असेल. धाकू सारखा ओठावरून हात फिरवत होता. बोलला, “काकी, आता ही मिशी कोण देणार?” मी बोलले, “ठेव तशीच, फार दिवस वाट बघायला लावणार नाही.” जावा हसल्या. तुझ्या लग्नानंतर या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, आज राहतील. सकाळी उठून घावन घालावे, त्यासाठी तांदूळ भिजत पण टाकले.

पण पाण्याने उलट खाल्ली, भरती लागली, आणि सगळे उठले. वर कल्याणला जायला होडीला भरतीच हवी. मी मेले असते तर बारा दिवस राहिले असते. जिवंत निघाले, म्हणून त्याच भरतीला परत गेले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. शेतं कापून पडलेली, गुरं दावणीला, जिवंत माणसासाठी कोण थांबतं.

कबुतरं ऊन उतरायच्या आत आली. एकेक करून, भोकातनं, काही झालंच नाही अशा तोंडाने. मी मोजली. अकरा झाली तेव्हा दाराशी उभी राहिले आणि बारावी आली तेव्हा तिला जी शिवी दिली ती अकराव्या नियमात बसत नाही. शिल्लक भात त्यांना चालत नाही (नियम नववा), तो मी दोन दिवस खाल्ला. भिजवलेल्या तांदळाचे घावन पण मीच खाल्ले.

तेव्हा तू पक्षी न्यायचे ठरवलंस ते बरंच केलंस. तिकडे साहेब विटांचं घर बांधतोय, पोटमाळा, जाळी, सगळं पुस्तकाप्रमाणे. जुन्यांना जन्मभर कोंडून ठेवायचं, सोडली तर ती इकडे पळतील, आणि त्यांची पिल्लं तिथली म्हणून वाढवायची, असं तू लिहिलंस. शहाणपणाचं आहे. पिल्लांना बाळकुम माहीतच नसेल तर ती येतील कशाला. माझा माळा मोकळा होईल, परातीत पीठ मळता येईल, मनी परत येईल. मला काही फरक पडत नाही, एवढं लिहायला हे पत्र. शालूला आशीर्वाद. सगुणाने तुला विचारलंय.

आवडाबाई, हातची सही

ता. क. (ही दोन अक्षरं तुझ्या पत्रातनं उचलली.) टोपल्या घेऊन हरिहरपंताला पाठवू नकोस. परक्या हाताला पक्षी चोच मारतात. मी शिकवलेलं नाही, पण मारतात.

ता. क. दुसरं. साहेबाला सांग, रपोटानंतर इकडे पुष्कळ सुधारणा झाली आहे. विश्रामने सहा खण करून दिले, प्रत्येक जोडीला एक हात लांब, एक हात रुंद, पट्टी लावून बघा. लाकूड चांगलं आहे, माझ्या खाटेचं आहे. मला जमिनीवर पाठ छान लागते. गोंगाट शून्य आहे. घड्याळ पण शिकते आहे, लहान काट्याचं जमलं.

ता. क. तिसरं. तुझा नियमांचा कागद सोबत परत पाठवते. तो उलटून बघ. मागल्या बाजूला सोळावा नियम आहे, तो तुझ्या नजरेतनं सुटला वाटतं: ‘पक्षी हलवण्याच्या आधी नेणाऱ्याने जुन्या घरी येऊन पंधरा दिवस राहावे, म्हणजे पक्ष्यांना त्याचा हात कळतो. बायको असल्यास तिलाही आणावे. पंधरा दिवसांत हात न कळल्यास आणखी पंधरा.’ अक्षर वेगळं आहे, शाई वेगळी आहे आणि दोन अक्षरं डोक्यावर उभी आहेत, त्याचा विचार करत बसू नकोस. साहेबाला मराठी वाचता येत नाही. तुला येतं.