काठावरचे ठसे

दम्माम,
शनिवार, १२ जून २००४

प्रिय बिलकिसभाभी यांना,
कमलाकरचा सलाम आणि नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे उन्हाचं विचारू नका. दुपारी स्टोअरच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो. काल फोनवर आवाज तुटत होता आणि बूथबाहेर रांग होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. तेच सविस्तर लिहितोय.

सिराज गुरुवारच्या विमानानं निघाला नाही, हे तुम्हाला कळलंच आहे. कागदाची काही अडचण आली. नोकरी संपवून कायमची एक्झिट लागलेल्या माणसाचे कागद जरा जास्तच तपासतात, त्यात मे महिन्यात शेजारी अल-खोबरला परदेशी लोकांवर अतिरेक्यांचा हल्ला झाला, तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तेव्हापासून सगळीकडे बंदुकवाले उभे आहेत. ऑफिसातले हुसेनमियाँ चौकशी करताहेत. ते मूळचे हैदराबादचे, त्यांना अरबी उत्तम येते. दोन-चार दिवसांत सुटेल असं ते म्हणाले.

मी त्याला सोडायला विमानतळापर्यंत गेलो होतो. तो आत गेल्यानंतरचं मला काही दिसलं नाही.

सतरा वर्षांचं सामान चाळीस किलोत बसवताना त्याची फार तारांबळ झाली. चार वेळा वजन केलं. शेवटी अफशाँसाठी घेतलेली इस्त्री त्यानं बाहेर काढली आणि माझ्या कपाटात ठेवली. म्हणाला, "कमळ्या, डिसेंबरात तू येशील तेव्हा आण. पोरगी तोपर्यंत चुरगळलेले कपडे घालील." इस्त्री नीट आहे, असं तिला सांगा.

माझी बायको शालिनी चिपळूणहून तुमच्याकडे येऊन जाईल. तिला मी फोन केला आहे. काळजी नको.

तुमचा,
कमलाकर


दम्माम,
३ जुलै २००४

बिलकिसभाभी,

तुमचं पत्र आमच्या कॅम्पातल्या शाहिदच्या घरच्यांमार्फत मिळालं. तुम्ही विचारलंत की डब्याचं काय आहे. कामगारांच्या कॅम्पातून बातमी गावात पोचायला वेळ लागत नाही. मला वाटलं होतं, सिराज सुटला की तोच हसत हसत सांगेल.

त्याच्या बॅगेत दुधाच्या पावडरीचा अडीच किलोचा एक डबा होता. वर पावडर आणि खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुनी अमेरिकन लष्करी पदकं निघाली. सोबत एक वही. एवढंच. त्यात हत्यार नाही, दारू नाही, काही नाही.

तुम्ही म्हणाल, असली पदकं इथे येतात कुठून. इथे जुन्या मालाचा बाजार भरतो, त्याला हराज म्हणतात. नव्वद-एक्याण्णवच्या लढाईत अमेरिकन इथे आले, गेल्या वर्षी त्यांचा मोठा तळ उठला. जाताना माणसं पेट्या टाकून जातात, त्या भंगारात येतात. बुटांच्या ढिगाखाली एखादं पदक सापडतं. काहींना ती जमवायचा छंद असतो. पोस्टाची तिकिटं जमवतात तसंच.

त्यात बघण्यासारखं खूप असतं. पदक उलटं करायचं आणि काठावर किंवा मागच्या पिनेवर भिंग धरायचं. तिथे बारीक ठसा असतो, एखादं अक्षर आणि दोन आकडे. कुठल्या कारखान्याला कुठलं अक्षर हे त्यांच्या सरकारनं ठरवून दिलेलं आहे. ठसा नसेल तर पिनेची घडण बघायची. पिनेला फट असेल तर माल जुना, दुसऱ्या महायुद्धातला असू शकतो. रिबन उन्हात धरली की सुती आणि नायलॉन लगेच कळतं. स्टोअरकीपर बेअरिंगवरचा नंबर वाचून माल कुठला ते सांगतो, तसंच हे. वहीत ते ठसे उतरवलेले होते, पदकाचं नाव, अक्षर, आकडा, तारीख. एक जांभळ्या रिबनीचं, हृदयाच्या आकाराचं पदक आहे. लढाईत जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याला देतात. त्याच्या पाठीवर माणसाचं नाव कोरलेलं आहे. ते सगळ्यात चांगलं.

विमानतळावरच्या लोकांना ती वही म्हणजे कसली तरी गुप्त यादी वाटली, असं हुसेनमियाँ म्हणतात. आणि पदकांत एक इथल्याच सरकारनं त्या लढाईनंतर परदेशी सैनिकांना दिलेलं होतं, खजूर आणि तलवारींचं. त्यामुळे प्रकरण वाढलं.

हा डबा कॅम्पातल्या एका माणसाचा होता. गावी निघालेल्याच्या हाती कोण ना कोण काही देतंच, हे तुम्हाला माहीत आहे. सिराजनं सतरा वर्षांत किती जणांची पार्सलं नेली असतील! तो माणूस पुढे येईल अशी आशा आहे.

अफशाँच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी वडिलांची सही हवी असेल तर मुख्याध्यापकांना भेटून शालिनी काहीतरी मार्ग काढेल.

आपला,
कमलाकर


दम्माम,
शुक्रवार, ६ ऑगस्ट २००४

भाभी,

डबा माझा होता.

हे वाक्य मी तीन वेळा लिहून फाडलं. पहिल्या दोन पत्रांत मी तुमच्याशी खोटं बोललो. दुसरं पत्र तुमच्याकडे वाचून शालिनीनं ओळखलं. परवा फोनवर ती एवढंच म्हणाली, "ज्या माणसाबद्दल लिहिलंत त्याचा हात मला ओळखू येतो." मग कार्ड संपलं.

सहा वर्षांत सदतीस पदकं जमली होती. शुक्रवारी हराजला जायचं, तिथून नेट कॅफेत, आठवडाभर वहीत उतरवायचं. आमच्या खोलीत बाकीचे पत्ते खेळत. सिराज माझ्या खाटेवर येऊन बसे आणि चिडवी, "कमळ्या, तुझ्या या बिल्ल्यांना दाणापाणी घातलंस का?" जांभळं पदक मी त्याला दाखवलं, ते कशासाठी मिळतं ते सांगितलं. त्यानं बाही वर केली. वेल्डिंगच्या भाजल्याचे डाग तुम्ही पाहिले आहेत. म्हणाला, "मग आमची तीन निघाली बघ. तुझ्या त्या कारखान्याला लिही, पाठवून दे म्हणावं."

मे महिन्यानंतर कॅम्पांची झडती होणार अशी आवई उठली. मी घाबरलो. फेकून देता आली असती. रात्री वाळूत पुरता आली असती. हात धजला नाही. मी सिराजला विचारलं, घेऊन जाशील का, शालिनीकडे दे. त्यानं साफ नाही म्हटलं. "लष्कराची वस्तू आहे, दिवस बरे नाहीत. दुसरं काहीही दे, डोक्यावर नेईन."

मी दुसरं दिलं. पावडरीचा डबा दिला. झाकणाची कड स्टोअरमधल्या गोंदानं अशी बसवली की नव्यासारखी दिसावी. तीस वर्षं मी माल पॅक करतोय. त्यानं विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "दूध. आईला लागतं." तेव्हा वजन जास्त झालं आणि माझ्या आईच्या दुधासाठी त्यानं स्वतःच्या लेकीची इस्त्री काढून ठेवली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तो आत गेल्यानंतर मला काही दिसलं नाही. काचेतून सगळं दिसत होतं. त्यांनी डबा फोडला. टेबलावर पावडर सांडली. मग पिशवी निघाली. सिराजनं त्या पिशवीकडे पाहिलं आणि नंतर वळून काचेकडे. त्यानं हात वर केला. बोलावत होता की "तू जा" म्हणत होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी गेलो. कंपनीची पिकअप बाहेर उभी होती, तिच्यात बसलो.

त्यानं माझं नाव सांगितलं नाही. हुसेनमियाँ त्याला एकदा भेटून आले. त्याला विचारलं होतं, डबा कुणाचा. तो म्हणाला, "ज्याचा आहे तो येईल." हे हुसेनमियाँनी मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिले. पुढे त्यांनीच मला सांभाळून घेतलं, "देखो भाई, तुम बोलोगे तो दो अंदर होंगे, एक नहीं छूटेगा." मला तेच ऐकायचं होतं. असे मी चव्वेचाळीस दिवस काढले.

चोवीस जुलैला मी गेलो. कंपनीला सांगितलं नाही, कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाला, तर नाहीच. पासपोर्ट त्याच्या तिजोरीत, माझ्याकडे फक्त इकामा, इथे राहायचा परवाना. पोलिसांसमोर तो ठेवला आणि म्हटलं, डबा माझा, वही माझी, अक्षर जुळवून बघा, हे माझं स्टोअरचं रजिस्टर. दुभाषी एक केरळचा माणूस होता. त्यांच्याकडे पदकं नव्हती, फोटो होते. अधिकाऱ्यानं जांभळ्या पदकाचा फोटो पुढे केला.

"हे कुणाचं?"

मी ठशावरून कारखाना सांगितला. साल सांगितलं. पीन कशी आहे ते सांगितलं.

तो म्हणाला, "कारखाना नाही विचारला. माणूस विचारला."

भाभी, पाठीवरचं ते नाव मला आठवेना. वहीत त्याचा ठसा, त्याची पीन, त्याची रिबन सगळं मी उतरवलं होतं. नाव उतरवलं नव्हतं.

त्यांनी माझा जबाब घेतला. अरबीत लिहिला, मला वाचता येत नाही, अंगठा दिला. मी वाट बघत बसलो की आता मला आत नेतील. पिशवीत टॉवेल, दाढीचं सामान आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊनच गेलो होतो. तासाभरानं अधिकारी म्हणाला, फाईल रियाधला गेली, माणूसही रियाधला गेला, हा कागद पाठवू, तू जा. मी म्हटलं, मला ठेवा, त्याला सोडा. दुभाष्यानं हे भाषांतर केलं की नाही कोण जाणे. अधिकारी म्हणाला, "यल्ला, यल्ला," आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्यानंतर चार वेळा गेलो. दर वेळी "बुकरा". उद्या ये म्हणतात. रियाधला कुठे ठेवलंय ते कोणी सांगत नाही. वकिलातीत अर्ज दिला, तिथल्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. कफीलला कळल्यावर त्यानं माझी डिसेंबरची रजा रद्द केली. बाकी काही केलं नाही. मी रोज सात वाजता स्टोअर उघडतो आणि नट-बोल्ट मोजून देतो. मला कोणी अटकसुद्धा करत नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. सिराजनं तुमच्या घरात आजवर कधी लपवून काही आणलं नाही, आणि त्या डब्यातही त्यानं काही लपवलं नव्हतं, हे तुम्हाला माझ्याच अक्षरात मिळायला हवं होतं. वकिलातीनं कागद मागितले तर हेच पत्र दाखवा. अफशाँलाही वाचू द्या. मी तिचा काका राहिलो की नाही, ते आता ती ठरवील.

हे शेवटचं पान नंतर लिहून पत्राला जोडतोय. शाहिद सोमवारी गावी निघतोय. सिराजला पकडलं त्या दिवसापासून कॅम्पात कोणी कुणाचं पार्सल नेत नाही. हुसेनमियाँनी बहिणीसाठी औषध द्यायला पाहिलं, तर लोकांनी हात मागे घेतले. शाहिदकडे मी अफशाँची इस्त्री घेऊन गेलो. त्यानं खोकं उघडलं, इस्त्री बाहेर काढली, उलटी केली, हलवून पाहिली, मागचा स्क्रू काढून आत बघितलं. मग पत्राकडे बोट करून म्हणाला, "काका, यात काय आहे? मी वाचल्याशिवाय नेणार नाही. राग मानू नका."

मी दिलं. त्यानं माझ्यासमोर खाटेवर बसून सगळं वाचलं. खोलीत आणखी पाच जण होते. वाचून झाल्यावर त्यानं कागदाच्या घड्या घातल्या, बॅगेत कपड्यांवर ठेवल्या, आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठला. मला चला म्हणाला नाही.

इस्त्री चालू आहे. मी प्लग लावून पाहिली.

सिराज परत येईपर्यंत मीही इथून हलणार नाही. माझ्या न हलण्यानं काही होत नाही, हे मला माहीत आहे.

पाकीट चिकटवलेलं नाही.

कमलाकर