आमच्या दुधातलं पाणी नेमकं कोणतं

आदरणीय साळेबुवा गुलाबराव यांस, हिवरा आश्रमाकडून तुमचे भाऊजी उत्तमराव यांचा लोणारपर्यंत पोचेल एवढा मोठा रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा? इकडे तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या जनकाबाईंचा, आवाज ठणठणीत आहे, त्यावरून बाकीची प्रकृतीही बरी असावी. (फोन का केला नाही म्हणाल, तर तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून ऐकायची रीत आहे, आणि मग आमची अब्रू तुमच्या सगळ्या आळीला ऐकू जाते. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.)

तर गोष्ट अशी झाली. आमच्या गल्लीत हगवणीची साथ आली. आधी दोन-चार पोरं पडली, मग मोठी माणसं, मग ज्यांना काही झालं नव्हतं तेसुद्धा पोट धरून हिंडू लागले. शेजारच्या नूरबीची नात मलिहा तर अशी कोमेजली की तिला मेहकरच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. आम्ही मोठ्या मनाने म्हणालो, हवा खराब आहे. दोन दिवसांनी आरोग्य खात्याची गाडी आली आणि हवेकडे ढुंकूनही न बघता सरळ आमच्या दारात उभी राहिली. गाडीतून एक डॉक्टरीणबाई उतरल्या. वय आमच्या लेकीपेक्षा, काजलपेक्षा, थोडंच जास्त, पण नजर अशी की मी आपसूक धोतर सावरलं.

त्यांनी आमच्या दुधाच्या कॅनमध्ये काचेची नळी सोडली. चांगल्या दुधात ती तरंगते म्हणे. आमच्या दुधात ती विहिरीत सुटलेल्या बादलीसारखी गेली. मी लगेच सांगितलं की यंदा म्हशींना हिरवा चारा जास्त झालाय, त्यामुळे दूध जरा पातळच उतरतं. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "पाणी घातलंय हे मी नंतर पाहीन. आधी सांगा, पाणी कोणतं घातलंय?"

गुलाबराव, आजवर दुधात पाणी आहे का, एवढंच लोक विचारत आले आणि नाही म्हणायची आमची जीभ तयार होती. कोणतं, असं कोणी विचारलंच नव्हतं. त्यात सूनबाई जयमाला पडली स्वच्छतेची अभिमानी. तिला वाटलं, आपल्या पाण्यावर संशय घेतला. ती फणकारून म्हणाली, "मी त फिल्टरचंच टाकते जी!" (सकाळी ती चहाला दूध काढून घेते, तेवढी भर करते, हे मला तेव्हा कळलं.) ते ऐकून तुमची बहीण कशी मागे राहणार? "फिल्टरचं काय कौतिक? मी माठातलं टाकते, दुहेरी फडक्यानं गाळून!" मग आमचा पोरगा गणेश खाली मान घालून बोलला, "मी काही टाकत नाही, पण कॅन खंगाळतो तं थोडं राहून जाते." थोडं म्हणजे किती, हे त्याने हातावर बोट ठेवून दाखवलं, तर ते बोट कोपरापर्यंत गेलं.

म्हणजे इतकी वर्षं घरातला प्रत्येक जण आपण एकटाच पापी आहोत या समजुतीने, एकमेकांपासून लपवून, एकाच कॅनमध्ये पाणी घालत होता. मी कपाळाला हात लावून घरच्यांकडे असं पाहिलं की बाईंना माझी दया यावी. यायला लागलीही होती. तेवढ्यात जनकाबाई म्हणाल्या, "अन् तुमचा तांब्या कुठी गेला?"

असो.

बाईंनी मग सगळी पाण्याची ठिकाणं पाहिली. गणेश ज्या नळावर कॅन खंगाळतो, तो गोठ्यामागे आहे. त्याचा पाइप उकिरड्याखालून जातो, आणि मधला जोड कधीचा फुटलेला. नळाला पाणी नसलं की तोच पाइप उकिरड्यातून झिरपलेला सगळा रस आत ओढतो. गोठा म्हणजे तरी काय, नवं पक्कं घर बांधलं त्याची पुढची खोली. पंख्याखाली म्हशी, आणि आम्ही मागे पत्र्याखाली. बाईंनी विचारलं, "माणसं बाहेर आणि जनावरं आत, हे कसं?" तुमच्या बहिणीने माझ्याकडे बोट केलं, "म्हशी दूध देतात. हे काय देतात?"

दूधविक्री बंद करून बाई गेल्या. तक्रार नूरबीने केली होती. मी असा तापलो! इतक्या वर्षांचा शेजार, ईदेला शिरखुर्म्याचं दूध आमचं, आणि आमच्याच दारात सरकारी गाडी? त्याच तिरमिरीत, चार शब्द सुनावायचे ठरवून, मी दवाखाना गाठला. नूरबी खाटेजवळ बसली होती. मलिहा डोळे मिटून पडलेली, हाताला नळी, आणि तो हात, गुलाबराव, वाळल्या शेंगेसारखा. माझे चार शब्द कुठे गेले कोण जाणे. नूरबीनेच स्टूल पुढे सरकवलं.

"भाऊ, पानी तुमी टाकता हे मले पहिलेपासून मालूम होतं," ती म्हणाली. "चाय पतली झाली, मी काही बोलली नाही. लेकरू पतलं झालं, मंग बोलली."

मी तिथेच बसून राहिलो. पोरीने संध्याकाळी डोळे उघडून बिस्किट मागितलं तेव्हा उठलो. (डोळ्यांत दवाखान्यातलं फिनेल गेलं होतं. जनकाबाईंना दुसरं काही सांगू नका.)

दुसऱ्या दिवशी मी आणि गणेशने उकिरडा उपसला, पाइप बदलला. म्हशी मळ्यातल्या शेडमध्ये गेल्या आणि आम्ही पंख्याखाली आलो. म्हशींनी रागाने दूध कमी केलं आहे. मलिहा घरी आली, आता आमच्या ओट्यावर उड्या मारते. आमच्या विहिरीचं आणि नळाचं पाणी तपासायला गेलं आहे. ते चांगलं ठरलं की विक्री सुरू होईल. गिऱ्हाईक परत येईल का, हे मात्र कुठल्या नळीने कळत नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा.

तुमचा,
उत्तमराव

ता.क. : रविवारी काजलला पाहायला पाहुणे येत आहेत. त्यांनी निरोप धाडलाय की मुलगी अवश्य पाहू, पण चहा नको. चहाला नाही म्हणणारे पाहुणे पोरीला काय हो म्हणणार? तरी तुमच्या म्हशीचं चांगलं पाच लिटर दूध पाठवा. पत्र घेऊन आलेला अकरम हा मलिहाचा बाप. तो स्वतःच म्हणाला, "काका, मी आणतो, अन् पाहुण्यासमोर पहिला कप मीच पेतो."

ता.क. दुसरा : तुमच्या बहिणीला मी वचन दिलंय की तुमच्या दुधाविषयी एक शब्द लिहिणार नाही. तो शब्द मी लिहीत नाही. फक्त एवढंच, की ते घालाल तेव्हा उकळून घाला.