भिंतीपलीकडचा सांधा

३ फेब्रुवारी

प्लंबर माझा नळ बदलायला आला नि धाकट्याच्या बाजूलाही डोकावला. एका भिंतीची दोन घरं, पाइप शेजारी शेजारी. म्हणाला, "तुमच्या भावाच्या पाइपचा सांधा पार गंजलाय. बदलून घ्यायला सांगा. निदान बाहेरगावी जाताना मेन व्हॉल्व्ह तरी बंद करा म्हणावं. फुटला तर घराचं तळं होईल!"

सांगतो म्हटलं.

५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

त्याच्याकडे व्हायोलिन दुरुस्तीला माणसांची रीघ. चुकून माझी बेल वाजली की मी दार उघडायचं नि बोट दाखवायचं — बाजूला! तेवीस वर्षं बोट दाखवतोय. निवृत्त ड्राफ्ट्समनकडे कोण येणार? आईसुद्धा शेवटी त्याच्याकडेच राहायला गेली. "त्याचं घर बोलतं रे," म्हणाली. माझं काय मुकं होतं?

९ फेब्रुवारी

धाकटा नि भावजय दहा दिवसांसाठी त्याच्या मेव्हण्याकडे निघाले. टॅक्सी दारात. भावजयीचे डोळे सुजलेले — भांडली असेल. धाकट्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "दादा, घराकडे बघशील ना? काही बंद करायचं राहिलं असेल तर कर."

अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. व्हॉल्व्ह त्याच्या सिंकखाली. माझ्या दारापासून वीस पावलं.

१२ फेब्रुवारी

अजून काही नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी भिंतीपलीकडे सळसळ. वाटलं, लवकर परतले. नाही — पाणी!

चहा केला. पेपर वाचला. शब्दकोडंसुद्धा पुरं केलं. अकराला गेलो. कामाच्या खोलीत घोट्यापर्यंत पाणी. खालच्या फळीवरची बारा-पंधरा व्हायोलिनं पाण्यात. कुणाची पाठ सुटलेली, कुणाची मान. सगळी गिऱ्हाइकांची. मग व्हॉल्व्ह बंद केला. मग फोन.

धाकटा म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं, दादा," एवढंच.

२० फेब्रुवारी

विमा कंपनीचा सर्व्हेयर आला. बॅटरी लावून कोपरान्‌कोपरा बघितला. "गंज जुना दिसतोय. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?"

"नाही हो," भावजय म्हणाली.

प्लंबरला विचारलं असतं तर माझंच नाव निघालं असतं. म्हणून मीच बोललो, "आलं होतं की! प्लंबरनं मला सांगितलं, मी ह्याला सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी, फाटकापाशी. व्हॉल्व्ह बंद करून जा, म्हणालो."

सर्व्हेयरचं पेन थांबलं. "माहीत असून काही केलं नाही, तर भरपाई मिळत नाही."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. आता म्हणेल, खोटं बोलतोस! मी भांडायच्या तयारीत.

"सांगितलं असशील," तो म्हणाला. भावजयीनं तोंडावर हात दाबला.

झोप छान लागली.

२ मार्च

क्लेम नामंजूर. गिऱ्हाइकं येऊन मोडकी वाद्यं घेऊन जातायत. एक बाई त्याला दारातच वाट्टेल ते बोलली. मी खिडकी उघडी ठेवली होती.

६ मार्च

भावजय आली. उभ्या उभ्याच बोलली. मेव्हण्याकडे गेलेच नव्हते. हॉस्पिटलात होते — धाकट्याच्या विसरण्याच्या तपासण्या! डॉक्टरांचं नक्की होत नव्हतं, नुसता ताण असेल म्हणत होते. "पण दादा, तुम्ही फाटकापाशी एवढं बजावलेलं सगळंच पुसलं गेलं, हे ऐकून डॉक्टर म्हणाले, मग हा ताण नव्हे, आजारच. आता ह्यांनी हत्यारं विकायला काढलीत. कुणाचं वाद्य हातात घ्यायची भीती वाटते म्हणतात."

बसा म्हटलं. बसली नाही.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. दार लावून घेतलं.

७ मार्च

धाकटा आला होता. "दादा, उद्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल ना. हिला रडू आवरत नाही. नि माझं काय काय सुटतं, ते तुलाच नीट सांगता येईल."

येतो म्हटलं.