पाऊस कुणी अडवला

माय, मारुतीच्या पारावरच्या त्या सभेबद्दल आपण दोघी पुन्हा कधी बोललोच नाही. दुष्काळाचं साल होतं. तू आणि दादा, दोघं नवरा-बायको, पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायचात आणि मी, दहा-अकरा वर्षांची, धाकट्याला कडेवर घेऊन घर राखायचे. गावात पाणी उरलेली विहीर एकच. आपण बौद्ध झालो त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती, तरी त्या विहिरीत आपल्या बायांनी दोर सोडायचा नाही. घागर खाली ठेवायची आणि कुणी वरून वाढेल त्याची वाट बघायची. तशात सरकारकडून नवी विहीर मंजूर झाली आणि साहेबांनी ती आपल्या वस्तीत खोदायची म्हणून खूण केली. त्यावर गावाचं मत घ्यायला सभा भरली होती.

बोलायला उभा राहिला तो नेहमीचाच माणूस. पंचायतीचा मेंबर, निवडणूक तोंडावर आलेली, आणि समोर कर्णा असला की त्याला थांबता यायचं नाही. माणसं चंद्रावर जाऊन आली तिथंच पावसाचं बिघडलं, इथून त्यानं सुरुवात केली. पारावरचे म्हातारे माना हलवत होते. मग त्यानं आपल्याकडे हात केला. "अन् ह्यांनी देव नदीत सोडले. देव कोपला, पाऊस गेला. आता ह्यांच्याच दारात विहीर खांदली तर पाणी लागंल का? बिलकुल न्हाई लागायचं."

तू सगळ्या बायांच्या मागे उभी होतीस, लुगड्याला तलावाची माती तशीच. तिथूनच म्हणालीस, "चंद्रावर आमच्यातलं कुणी गेल्तं का?" सगळी सभा हसली. हसू थांबेपर्यंत तू थांबलीस. "अन् देव सोडून पंधरा वर्षं झाली. मधी नदीला पूर आल्ता, पार वेशीपर्यंत. तो कुणी आणला मंग?"

मेंबर लोकांकडे वळला. त्यानं विचारलं, "बाईमाणसानं सभेत बोलावं का?" आणि लोक त्यावर बोलायला लागले. कुणी म्हणे बोलावं, कुणी म्हणे बोलू नये. पावसाचं तिथंच राहिलं, विहिरीचंही. दिवे लागायच्या वेळेला सगळे उठून गेले.

घरी आल्यावर मी त्या मेंबरची नक्कल करून दाखवते आहे. दादा हसून हसून खोकतायत. तू भाकरी थापता थापता माझ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "हसू नको. तो बोलून घरी गेला. उद्या सकाळी दोर त्याच्या हातात न्हाई, बायांच्या हातात हाय. त्यांना ते खरं वाटून राह्यलं." मला राग आला होता. एवढं चांगलं उत्तर देऊन वर तूच घाबरतेस, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती म्हातारी होती, रोज आपली घागर आधी भरून देणारी. तिनं पोहरा वर ओढला, स्वतःची घागर भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या मायला लई कळतं ना, तिलाच म्हण पाणी पाड." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिचे दोन्ही बैल चाऱ्यावाचून गेले होते, आणि ते का गेले हे कुणीतरी तिला समजावून सांगितलं होतं. ती दुष्ट नव्हती, माय. हे मला फार उशिरा कळलं. तुला त्याच दिवशी ठाऊक होतं. त्या दिवसापासून कामावरून आलीस की तू नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरायचीस आणि वाटीवाटीनं घागर भरायचीस. मी शेजारी बसून गाळ बाजूला करायचे.

साहेबांनी पुढे सभेला विचारलंच नाही, खूण केली तिथंच विहीर खोदली. पाणी बेताचं लागलं, पण लागलं. नारळ फोडायला तोच मेंबर आला आणि ह्या विहिरीसाठी आपण किती भांडलो ते सांगायला लागला. मी तुझा पदर ओढला. "बोल ना, माय." तू म्हणालीस, "पाणी लागलंय न्हवं? भर घागर."

उन्हाळ्यात गावातली विहीर आटली. तेव्हा ती म्हातारी रिकामी घागर घेऊन आपल्या वस्तीत आली आणि लांबच उभी राहिली. तू तिला पाणी वाढलं नाहीस. पोहऱ्याचा दोर तिच्या हातात दिलास. "घ्या काढून, मावशी." तिनं दोराकडे बघितलं, घरांकडे बघितलं आणि पोहरा सोडला. देव कोपल्याचं तिचं मत बदललं की नाही, ते मला माहीत नाही. ती नंतर रोज येत होती एवढं माहीत आहे.

आता आमच्या घरात टीव्ही असतो, त्यावर चार-चार माणसं एकदम बोलतात. कोण कशामुळे आजारी पडलं, भाव कुणामुळे वाढले, सगळ्याचं उत्तर त्यांच्याजवळ असतं. नातू खदखदा हसतो. मी त्याला म्हणते, हसू नको, आणि पुढचं काय सांगायचं ते सुचत नाही, कारण त्यानं विहिरीला दोर कधी बघितलेलाच नाही.

हा कागद घडी घालून कपाटात ठेवणार आहे. पाठवायला जागा नाही. एक मात्र सांगते. त्या दिवशी तू बोललीस त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, पण तुझा आवाज काही केल्या आठवत नाही. त्या मेंबरचा आठवतो.