मशेरीची डबी

गुरुवार, २० मार्च १९८६

सुमन आज इस्पितळातून घरी आली. आली एकदाची!

औषधं बदलूनही तिचा ताप हटत नव्हता, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "आ करा." मी मनातून चिडलोच. तापाला दात कसले बघायचे? पण हिरडी दाबताच रक्त आलं. "लहानपणी सांधे सुजायचे ना? तेव्हाच हृदयाची झडप अधू झाली. आता हिरडीतले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसलेत."

हिरडीतून रक्त येतं, हे मला कसं कळलं नाही? मशेरीच्या काळ्यात दिसलंच नसणार. आणि ती तंबाखू तव्यावर भाजून, डबीत भरून तिच्या खाटेशी कोणी नेली? मीच. आजारात तेवढाच विरंगुळा म्हणून.

कितीतरी दिवस सुया सोसल्या तिने. बाई "आ करा" म्हणाल्याच नसत्या तर... त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

संध्याकाळी सुमनने स्वतःच डबी परसात नेऊन उपडी केली. मग बॅटरी घेऊन माझ्यासमोर बसली. "आता तुम्ही आ करा बघू."

मी निमूट आ केला. तोंड उघडं ठेवून रडू आवरणं फार कठीण असतं.