बारा वासरांचा गोठा

माकणी

दिगंबर गुरुजींना,

नमस्कार लिहायला हात होत न्हाय, म्हणून सरळ सांगते.

तुम्ही हैदराबादला शिक्षणाचे मंत्री झालात तेव्हा गावात साखर म्याच वाटली. आता तुमच्या सहीनं दस्तगीरमियांची शाळा-तपासनीसाची नोकरी गेली. हुकमात लिहिलंय, निजामाचा माणूस.

निजामाच्या राज्यात माझ्या गोठ्यात तुम्ही चोरून मराठी शाळा चालवायचा. एकदा तपासायला हाच माणूस आला. तुम्ही कडब्यामागं लपलात. त्यांनी सगळ्यांच्या पाट्या पाहिल्या, माझ्या हातचं ताक प्यायले, कागदावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "शाळा न्हाय. गोठा आहे. बारा वासरं आहेत."

त्या बारांत लग्न झालेली मी एकटीच. ही अक्षरं तिथंच शिकले. त्या दिवशी त्यांनी खरं लिहिलं असतं तर तुम्ही तुरुंगात गेला असता, गुरुजी.

एवढं लिहून लोहाऱ्याला दस्तगीरमियांच्या घरी गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नक्को भेजो, अक्का. गुरुजी कुर्सीपे नये हैं, नाम खराब होइंगा."

त्यांच्या शब्दाखातर हे पत्र धाडत न्हाय, घरातल्या पेटीत ठेवते. तुम्ही बसा अजून त्या कडब्यामागंच.

बारांतली एक,
शांताक्का