एक जुलैची रेषा

ईलिंग, लंडन
जून महिना (हवेवरून मार्गशीर्ष)

श्री. मुरलीधरराव यांस,
पद्माकराचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व खुशाल आहे. तिकडेही तसंच असावं, कारण नसतं तर शशीताईंनी आमच्या मधुमतीला कळवलं असतं आणि मधुमतीने ते मला दोनदा ऐकवलं असतं. आपल्या गुडघ्याची चौकशी मात्र मी स्वतःहून करतो आहे. नागपूरचा उन्हाळा यंदा फार कडक गेला म्हणे. इतक्या उन्हातून उठून माणसाने लगेच लांबचा प्रवास करू नये, असं माझं वैद्यकीय मत आहे. (मी इतिहासाचा डॉक्टर आहे हे आपण जाणताच, पण डॉक्टर आहे.) हे सगळं मी आपल्या दोन्ही घरांच्या ग्रुपवर लिहू शकलो असतो. परंतु तिथे आपला अनुप आणि आमची निवेदिता वाचतात, आणि काही गोष्टी व्याह्यांनी व्याह्यांशीच बोलायच्या असतात. म्हणून परवा नागपूरला निघालेल्या एका परिचितांच्या बॅगेतून हे पाकीट पाठवतो आहे. सोबत शशीताईंसाठी बिस्किटांचा डबा आहे. डबा आधी उघडावा, पत्र मागाहून वाचावं.

आपल्याला आठवत असेल, ईशानीच्या बारशाच्या दिवशी आपण दोघांनी जेवणानंतर या घरच्या अंगणात उभं राहून वर्षाची वाटणी केली होती. जानेवारी ते जून पुणे, जुलै ते डिसेंबर नागपूर. व्हिसा सहा महिन्यांचा आणि पाहुण्यांची खोली एकच, तीही अशी की खोलीत पलंग ठेवलाय की पलंगाला भिंती लावल्यात ते कळत नाही. हा तह ऐतिहासिक आहे, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. स्पेन आणि पोर्तुगालच्या राजांनीही १४९४ साली टॉर्देसिलास गावी समुद्रावर अशीच एक उभी रेषा मारून घेतली होती. पश्चिमेला सापडेल ते तुमचं, पूर्वेला सापडेल ते आमचं. (साल पंधराव्या शतकातलं आहे, पण त्याची फळं सोळाव्यात आली, म्हणून मी ते कायम सोळाव्यातच शिकवत आलो. परीक्षकांनी कधी हरकत घेतली नाही, ते उत्तरपत्रिका वाचत नसत.) आपण पडलात पाटबंधारे खात्यातले अभियंते. पाळी, वाटप, आवर्तन हे आपल्या रक्तातच. आपण ताबडतोब हो म्हणालात, आणि इतकी वर्षं आपल्या दोघांत कधी वाद झाला नाही, कारण आपली कधी गाठच पडली नाही.

गाठ पडत नसली तरी आपण या घरात बारा महिने हजर असता, हे आज सांगून टाकतो. कुंपण आपण ठोकलेलं, फळी आपण बसवलेली, नळ आपण गळायचा थांबवलेला. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून बाथरूमच्या दाराची कडी निघाली, तेव्हा ईशानीने मला फार मायेने सांगितलं, "इट्स ओके आजोबा, नागपूरचा आजोबा जुलैमध्ये फिक्स करेल." मुरलीधरराव, चौतीस वर्षं मी सोळाव्या शतकातला युरोप शिकवला. शेवटच्या बाकावरची मुलं झोपायची आणि पहिल्या बाकावरची झोप आवरायची. माझ्याजवळ कोणाला देण्यासारखं ते एकच शतक आहे, आणि ते भिंतीत ठोकता येत नाही. आपल्या कुंपणाकडे पाहत चहा पिताना मला याचं वाईट वाटतं.

अशा परिस्थितीत मार्च महिन्यात ईशानीच्या शाळेने जाहीर केलं की या वर्षी ट्यूडर राजघराणं. म्हणजे तो आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका, पहिली एलिझाबेथ, जहाजं, नकाशे, विद्वान मंडळी, सगळं. शेवटी नऊ जुलैला पालकांसमोर कार्यक्रम, आणि एलिझाबेथ राणी म्हणून निवड झाली ती आपल्या उभयतांच्या नातीची. त्या दिवशी ती घरी आली, दप्तर टाकलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली. मी टॉर्देसिलासपासून सुरुवात केली. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "पण आजोबा, पाण्यावर लाइन कसा काढला?" मुरलीधरराव, पाण्यावर ती रेषा नेमकी कुठे पडते हे त्या काळी खरोखर कोणालाही मोजता येत नव्हतं. भल्या भल्या पंडितांची त्यात हयात गेली. चौतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी आत जाऊन चष्मा पुसून आलो.

त्यानंतर आमची शिकवणी रोज सुरू झाली आणि तिच्यातूनच साबुदाण्याची मोहीम निघाली. एलिझाबेथच्या गळ्याभोवती ती चुण्यांची ताठ झालर असते, ती त्या काळी खळ घालून उभी करत. मधुमती म्हणाली, त्यात काय, माझ्या साड्यांना मी घालते तशी साबुदाण्याची खळ करू. घरात साबुदाणा नव्हता. अनुप म्हणाला, मी फोनवर मागवतो, उद्या येईल. पण ज्या मुलीला मॅगेलन शिकवायचा तिच्यासाठी साबुदाणा दारात येऊन पडावा हे मला पटेना. (मॅगेलनही मसाल्यासाठीच निघाला होता, म्हणजे वाणसामानच.) शनिवारी आम्ही आजोबा-नात फोन घरी ठेवून देशी दुकानांच्या साउथहॉलला निघालो. ते इथून बसने पश्चिमेला अगदी जवळ आहे, हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी मी नावावरून ते दक्षिणेला असणार असं अनुमान काढलं आणि सूर्यावरून दिशा धरली. सूर्य नव्हता. दोन बस आणि एक ट्रेन झाल्यावर समोरून ट्राम गेली, तेव्हा ईशानी शांतपणे म्हणाली, "आजोबा, साउथहॉलला ट्राम नाहीये." आम्ही लंडनच्या पार दक्षिण टोकाला, क्रॉयडनला होतो.

चूक कबूल करायची नाही ही दर्यावर्दींची परंपरा आहे, त्यामुळे मी म्हणालो की आपल्याला इथेच यायचं होतं. नशीब असं की स्टेशनपासून थोडं पुढे एका तमिळ गृहस्थांचं दुकान सापडलं. त्यांनी जव्वरिसी म्हणून जे दिलं तो उत्तम प्रतीचा साबुदाणा निघाला. येताना रस्ता ईशानीने विचारला. मी मागून पिशवी घेऊन चालत होतो. घरी पोचलो तेव्हा निवेदिता दारातच उभी होती आणि अनुप पोलिसांना काय सांगायचं याची तालीम करत होता. निवेदिता मला एवढंच म्हणाली, "बाबा, यापुढे तिला घेऊन काहीही डिस्कव्हर करायला जायचं नाही." तेव्हापासून मला कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जायची मुभा आहे, तीही एकट्याने.

झालरीसाठी कापड हवं होतं. (इथे एक नाजूक गोष्ट. व्याहीभेटीत आपण माझ्या खांद्यावर घातलेलं जरीकाठी उपरणं मी दर वर्षी इथे आणतो. ते या कामी आलं. ते फार चांगलं कापलं गेलं, एवढंच म्हणतो.) मधुमतीने चुण्या घातल्या, खळ घातली, आणि इथल्या उन्हाची दोन दिवस वाट पाहून शेवटी इस्त्री आणि केस वाळवायचं यंत्र एकदम चालवलं. तेव्हा आपण गेल्या वर्षी बसवलेला धुराचा अलार्म वाजू लागला. आपण तो इतका पक्का बसवला आहे की तो कोणालाही बंद करता आला नाही. शेजारच्या बाई मदतीला आल्या, मी त्यांना खळीचा इतिहास सांगेपर्यंत त्यातली बॅटरी आपोआप संपली. झालर मात्र अशी झाली की ती घातल्यावर ईशानीला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि तोंडापर्यंत चमचा पोचत नाही. आरशासमोर उभी राहून तिने हनुवटी वर केली, आणि आम्ही चौघंही उगाचच उठून उभे राहिलो.

तर असं सगळं मजेत चाललं आहे. तिचं भाषण मला पाठ झालं आहे. ती अडखळली तर कुठे अडखळेल हेही मला माहीत आहे. परंतु आमचं विमान तीस जूनचं आहे आणि कार्यक्रम नऊ जुलैचा, म्हणजे आपल्या हद्दीत. तह म्हणजे तह. नऊ तारखेला तिथे आपण बसाल आणि मी पुण्यात फोनवर चित्रफीत पाहीन, त्यात पुढच्या माणसाचं डोकं येईल. माझी काही तक्रार नाही. मी काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

शशीताईंना नमस्कार. आपल्याकडचा लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, वाढला तरी ठेवायला जागा करू.

आपला,
पद्माकर

ता. क. मागण्यासाठीच लिहिलं आहे. आपण एक जुलैऐवजी पंधरा जुलैला येऊ शकाल का? यंदा आम्ही जानेवारीच्या मध्यावर उतरलो, त्यामुळे आमचा व्हिसा तोवर कसाबसा पुरतो. फुकट मागत नाही. १५२९ साली सारागोसाला पोर्तुगालने मसाल्याच्या बेटांसाठी स्पेनला रोख रक्कम मोजली, तसा मोबदला देतो. ईशानीचा वाढदिवस मार्चमध्ये येतो, म्हणून आजवर तो दर वर्षी आमच्याच वाट्याला आला. पुढच्या वर्षीचा आपला. हे लिहिताना मला काय वाटतं आहे ते लिहीत नाही. (ती बेटं आधीपासून पोर्तुगालच्याच बाजूला होती, हे पुढे कळलं. पण पैसे गेलेले होते.)

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी मधुमतीने पत्र वाचलं. ती म्हणाली की वाढदिवस द्यायची काही गरज नाही. तिने आणि शशीताईंनी ईस्टरच्या सुमारासच ठरवून टाकलं आहे. आपण पाच जुलैला उतरता आहात, आमची तिकिटं बारा जुलैची झाली आहेत, आणि पुढच्या खोलीत उघडून पलंग होणारा सोफा येतो आहे, तो आपल्या गुडघ्याला झेपेल अशा उंचीचा. अनुप-निवेदिताला माहीत आहे. शेजारच्या बाईंना माहीत आहे. आपल्यालाही अद्याप सांगितलेलं नसेल, कारण शशीताईंचं म्हणणं असं की या दोघांना आधी सांगितलं की ते तह करत बसतात. तेव्हा वरची वाढदिवसाची देणगी याद्वारे मागे घेण्यात येत आहे.

ता. क. ३. ईशानीचाही निरोप आहे. कार्यक्रमात आजी-आजोबांना भाग घेता येतो आणि तिने आपल्या दोघांचं नाव वर्गबाईंकडे परस्पर दिलं आहे. आपण स्पेनचे राजे, मी पोर्तुगालचा. मी तिला सांगून पाहिलं की एलिझाबेथच्या काळात १५८० नंतर हे दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते, तेव्हा दोन राजे दाखवणं बरोबर नाही. ती म्हणाली, "आजोबा, इट्स इयर फाइव्ह." (म्हणजे इथली पाचवी.) आपल्याला संवाद नाहीत. आपण दोघांनी एका दोरीची दोन टोकं धरून रंगमंचावर उभं राहायचं आणि एकमेकांकडे रागाने पाहायचं. मग राणी येते, कात्रीने दोरी मधोमध कापते आणि आपल्याला एकच प्रश्न विचारते. कोणत्याही राणीने तो या शब्दांत विचारल्याचा पुरावा मला सापडलेला नाही, तो तिने स्वतः लिहिला आहे. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: तुम्ही मला विचारलं होतं का? काल तालमीत तिने तो माझ्याकडे बघून विचारला, आणि पोर्तुगाल आपलं दोरीचं टोक गुंडाळू लागला. आपल्याला स्पेनच्या बाजूने काही उत्तर सुचलं तर पाच तारखेला येताना घेऊन या.